‘यात माझ्या वयाचं कुणीच नाही’

इंदूरहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. वाचनाचं वेड आहे, पण वाचते ते सगळं इंग्रजी. त्यातही किशोरवयीन मुलामुलींच्या कादंबऱ्या, युद्धाच्या, फाळणीच्या, परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या. वाढदिवसाला आजोबांनी तिला ‘स्वामी’ भेट दिली. काही पानं वाचून तिनं ती मिटली आणि म्हणाली, “यात माझ्या वयाचं कुणीच नाही.” आजोबांना ते लागलं. त्याच सुमारास पुण्याहून आलेली मावसभावंडं तिच्या ‘येऊन राहिली आहे’ला हसली, ‘तुम्ही हिंदीवाले’ म्हणाली. रात्री तिनं आईला विचारलं, “शाळेत मी मराठी, पुण्यात मी हिंदी. मग मी आहे तरी कोण?” आईनं तिच्या नकळत कपाटातलं ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’ काढून अर्धं वाचलं. त्यातल्या मुलाला आपल्याच घराची लाज वाटते हे पाहून त्या घाबरल्या. त्या विचारतात: ही पुस्तकं बंद करावीत का? आपला इतिहास आणि आपली ओळख कळेल अशा चांगल्या मराठी कादंबऱ्या सुचवाल का? आणि तिचं पुस्तक चोरून वाचलं हे तिला सांगावं का?

ताई, सप्रेम नमस्कार.

पुस्तकं सुचवते, पण त्याआधी एक विनंती. जे पुस्तक तुम्ही अर्धं ठेवलंत ते पूर्ण करा. जीन लुएन यांग यांची ही चित्रकादंबरी २००६ साली आली आणि किशोरवयीनांच्या साहित्यासाठी दिला जाणारा अमेरिकेतला प्रिंट्झ पुरस्कार मिळवणारी ती पहिली चित्रकादंबरी ठरली. तुम्हाला जिन वांग भेटला, वर्गातल्या गोऱ्या मुलासारखं दिसावं म्हणून केस कुरळे करून घेणारा. त्याच्या शेजारी वानरराजाची गोष्ट चालते. देवांच्या मेजवानीतून त्याला माकड म्हणून हाकलतात, आणि घरी येऊन तो आपल्या सगळ्या प्रजेला पायात जोडे घालायला लावतो. लाज कशी शिरते आणि माणसाकडून काय काय करवून घेते, हे इतक्या नेमकेपणानं दाखवणारी पुस्तकं थोडी असतात. या गोष्टी शेवटी कुठे जाऊन मिळतात ते मी सांगत नाही. मात्र अर्ध्यावर थांबल्यामुळे तुमच्या हाती फक्त दुखणं आलं आहे, एवढं नक्की.

तुमच्या पत्रात एक गृहीत आहे: इंग्रजी पुस्तकांनी मुलीच्या मनात हा ‘मी कोण’चा प्रश्न घातला. घटनांचा क्रम पुन्हा पाहा. हसली ती भावंडं. प्रश्न तिथे उपजला. पुस्तकांनी तिला तो मोठ्यानं विचारायचं बळ दिलं असावं, आणि तिनं तो विचारला तुम्हाला. एका शाळेच्या ग्रंथालयात मी बरीच वर्षं काम केलं आहे. या वयाची कितीतरी मुलं हाच प्रश्न घेऊन कपाटांमध्ये एकटी उभी असायची. तुमची मुलगी रात्री तुमच्यापाशी येऊन बसली. तिनं ज्यांच्या सोबतीनं हे धाडस केलं ती पुस्तकं आता काढून घेतलीत, तर पुढच्या वेळी ती काही विचारायला येणार नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट देते: बंद करू नका.

आता ‘स्वामी’. आजोबांची निवड चुकीची नव्हती, आणि मुलीचं म्हणणंही खोटं नाही. थोरले माधवराव १७६१ मध्ये, पानिपताच्या साली, पेशवे झाले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. म्हणजे तुमच्या मुलीपेक्षा जेमतेम वर्षानं मोठे. वडील नुकतेच गेलेले, तिजोरी रिकामी, आणि कारभारावर हक्क सांगणारा काका घरातच. सत्ताविसाव्या वर्षी ते क्षयानं गेले. वाढत्या वयाची याहून अवघड गोष्ट मला आपल्या इतिहासात लवकर आठवत नाही. पण रणजित देसाईंची भाषा दरबारी, भारदस्त आहे. त्या भाषेत बोलणारा मुलगा आपल्या वयाचा आहे हे पंधरा वर्षांच्या वाचकाला उमगणं कठीण. आजोबांनी फक्त एवढंच सांगावं: “हा सोळाचा होता. याच्या काकानं याला कसं छळलं ते बघ.” मग पुस्तक तिच्या कपाटात राहू द्यावं. दहावीच्या वर्षात त्या जाडीची कादंबरी तिच्याकडून संपवून घ्यायचा हट्ट नको.

‘आपला इतिहास’ म्हणताना तुमच्या मनात कुठला इतिहास आहे, हेही विचारावंसं वाटतं. मला वाटतं शनिवारवाडा आणि रायगड. ते आपलेच आहेत. पण मुलगी राहते होळकरांच्या राजवाड्याच्या गावात. पुण्याच्या मावसभावंडांनी तिला बाहेरची ठरवलं, तर तिनं १८०१ आणि १८०२ ही दोन वर्षं वाचावीत. यशवंतराव होळकरांच्या भावाला, विठोजीला, पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. त्याच वर्षी शिंद्यांच्या बाजूनं आलेल्या सर्जेराव घाटग्यानं इंदूर लुटलं, जाळलं. पुढच्या वर्षी ऐन दिवाळीत, २५ ऑक्टोबरला, हडपसरपाशी यशवंतरावांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. पेशवा दुसरा बाजीराव पळाला आणि वर्ष सरता सरता वसईला इंग्रजांशी तह करून बसला. मारणारे मराठी, मरणारेही मराठी. ना. सं. इनामदारांची ‘झुंज’ याच यशवंतरावांवर आहे. ती वाचताना अभिमान वाटतो आणि त्याच पानावर जीव तुटतो. इतिहासातून मुलांना केवळ अभिमान मिळावा अशी आपली इच्छा असते. माझा अनुभव असा की या वयाची मुलं निव्वळ अभिमानाला फार लवकर कंटाळतात. घरातल्याच लोकांचं एकमेकांशी का फाटलं, हे मात्र त्यांना कळतं, कारण तसं त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलेलं असतं.

अहिल्याबाईंबद्दलही हेच. हातात शिवलिंग घेतलेल्या मूर्तीपाशी कुणी मुलगी मनानं जवळ जाऊन उभी राहू शकत नाही. आठव्या वर्षी लग्न, कुंभेरीच्या वेढ्यात नवरा गेला तेव्हा वय अठ्ठावीस, सासऱ्यांनी सती जाण्यापासून परावृत्त केलं, मग सासरे गेले, वर्षभरात मुलगाही गेला, आणि तिथून पुढे जवळजवळ तीस वर्षं राज्य. हे सगळं कागदपत्रांच्या आधारानं पण रसाळपणे वाचायचं असेल तर विनया खडपेकरांचं ‘ज्ञात-अज्ञात अहिल्याबाई होळकर’ आहे. ती कादंबरी नाही. म्हणूनच ती ‘झुंज’च्या जोडीला ठेवा; कादंबरीतले संवाद लेखकाचे असतात आणि तारखा इतिहासाच्या, हा फरक या वयात कळला तर जन्मभर उपयोगी पडतो. आणि मुलीला लिहायची हौस असेल, तर तिला डिसेंबर १८१७ ची महिदपूरची लढाई सांगा. होळकरांच्या गादीवर तेव्हा अकरा वर्षांचा मल्हारराव होता आणि त्याची बहीण भीमाबाई घोड्यावर बसून लढली. लढाई हरली, मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर इंदूर राजधानी झालं. तिच्या वयाच्या वाचकासाठी या भावंडांची गोष्ट कुणीतरी लिहायला हवी.

आता मराठी पुस्तकं. सगळ्यांत आधी मी प्रकाश नारायण संतांचा लंपन हातात ठेवीन. ‘वनवास’पासून सुरू करा, पुढे ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. या एकमेकींत गुंतलेल्या कथा आहेत, कादंबरी नव्हे, आणि दहावीच्या वर्षात तेच बरं. एका बैठकीत एक संपते. लंपन आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे, कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावात वाढतो. त्याच्या मराठीला कानडीचा हेल आहे, वाक्यं वेगळीच वळतात, आणि मराठी वाचकांनी त्या भाषेवर जीव टाकला आहे. तुमच्या मुलीच्या मराठीला हिंदीचा हेल आहे. सीमेवरच्या भाषेतही साहित्य होतं, आणि ते पुण्यामुंबईचे लोक मान डोलावत वाचतात, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नाही. ‘वनवास’ची वीस पानं वाचली की तिचं तिलाच कळेल.

त्यानंतर मिलिंद बोकिलांची ‘शाळा’. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे दोस्त, आवडलेली शिरोडकर, आणि मागे आणीबाणी. इतिहास इथे राजवाड्यात घडत नाही. मोठ्यांच्या बोलण्यातून, वर्तमानपत्रातून मुलांच्या कानावर पडतो, तुमच्याआमच्या लहानपणी पडला तसा. मात्र आधीच सांगते: मुलांच्या तोंडी शिव्या आहेत, मुलींबद्दलचं मुलांचं चावट बोलणं आहे. ते वगळून वाचता येत नाही आणि वगळूही नये. सगळी गोष्ट एका मुलाच्या डोळ्यांनी दिसते. वाचून झाल्यावर तिला विचारा, शिरोडकरनं हेच वर्ष लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं? माझी खात्री आहे, तिच्याकडे खूप सांगण्यासारखं असेल.

मुलीच्या बाजूनं लिहिलेलं हवं तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. आत्मचरित्र आहे, पण कुठल्याही कादंबरीहून वेगानं वाचलं जातं. सुरुवातच १८५७ च्या सावलीत होते: आजोबांना फाशी झाली, त्याचा वडिलांच्या मनावर परिणाम झाला आणि सगळं घर सोवळ्यानं ग्रासलं. कोवळ्या वयात लग्न, लहरी कवी नवरा, त्यानं १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, आणि मग एकेक समजूत गळत जाऊन या बाईचं स्वतःचं मन तयार होणं. ‘मी आहे तरी कोण’ हा प्रश्न इतक्या हसत, इतक्या खरेपणानं मराठीत दुसऱ्या कुणी सोडवलेला मला ठाऊक नाही. हे पुस्तक तुम्ही दोघींनी एकत्र वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आणि एक खास माळव्याचं. शरच्चंद्र मुक्तिबोधांची ‘क्षिप्रा’, १९५४ ची. मराठी घरातला बिशू, त्याचं मोठं होणं, भोवती स्वातंत्र्याच्या चळवळीची घुसळण. पुढे ‘सरहद्द’ आणि ‘जन हे वोळतु जेथे’ मिळून तिची त्रयी झाली. कादंबरी गंभीर आहे, संथ आहे. सतराव्या-अठराव्या वर्षासाठी राखून ठेवा. पण लेखकाची गोष्ट तिला आजच सांगा. शरच्चंद्र १९२१ मध्ये इंदूरला जन्मले. त्यांचे थोरले भाऊ गजानन माधव मुक्तिबोध, जन्म १९१७, श्योपूर. एकाच मराठी घरातले दोघे. थोरला हिंदीतला मोठा कवी झाला, धाकटा मराठीतला कवी, कादंबरीकार आणि समीक्षक. हिंदी की मराठी, असं तिला पुन्हा कुणी विचारलं तर या दोन भावांचं उदाहरण तिच्या हाताशी असावं. प्रत दुकानात सहज मिळेल असं नाही. महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या इंदूरच्या जुन्या मराठी संस्थांत चौकशी करा. त्या निमित्तानं मुलीला तिथे घेऊन जा.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ लहान आहे, औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर शिकवायला गेलेल्या तरुण मास्तराची. सुट्टीत देऊन पाहा.

तिच्या इंग्रजी कपाटातही मी भर घालीन, त्यामुळे ‘मराठी विरुद्ध इंग्रजी’ असा सामना घरात उभा राहणार नाही. पद्मा वेंकटरामन यांची ‘क्लाइंबिंग द स्टेअर्स’ १९४१ सालात घडते. पंधरा वर्षांच्या विद्याला मुंबई सोडून मद्रासला आजोबांच्या एकत्र कुटुंबात राहावं लागतं, आणि तिथलं ग्रंथालय वरच्या मजल्यावर, जिथे फक्त पुरुषांनी जायचं. वीरा हिरानंदानी यांच्या ‘द नाइट डायरी’तली बारा वर्षांची निशा फाळणीत सिंधमधल्या मीरपूर खासहून जोधपूरकडे निघते, वडील हिंदू, वारलेली आई मुसलमान, आणि सगळी कादंबरी म्हणजे त्या आईला लिहिलेली पत्रं. इंदुरात सिंधी शेजार नाही असं घर विरळा. ही कादंबरी वाचून तिनं एखाद्या मैत्रिणीच्या आजीला ‘तुम्ही कशा आलात’ एवढंच विचारलं, तरी पुस्तकाबाहेरचं पुस्तक उघडेल.

‘भीमायन’ तर घरात हवंच. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या आपल्याच मध्य प्रदेशातल्या परधान गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रसंग काढले आहेत: शाळेत पाण्यासाठी तहानलेला मुलगा, वडिलांना भेटायला निघालेल्या भावंडांना गाडीवाला मिळेना तो प्रवास, आणि परदेशातून शिकून आल्यावर बडोद्यात राहायला जागा न मिळणं. बाबासाहेबांचा जन्म महूचा, म्हणजे तुमच्या घरापासून सिटी बसच्या अंतरावरचा. आपला इतिहास शिकवायचा तर त्यात ज्यांना आपण बाहेर ठेवलं त्यांचाही आला पाहिजे. ओळखीच्या प्रश्नावर पंधराव्या वर्षी एवढं प्रामाणिक उत्तर फार थोडी पुस्तकं देतात.

आता हे तिच्यापर्यंत पोचवायचं कसं. ‘दोन इंग्रजीमागे एक मराठी’ असा सौदा काही घरांत करतात. मी तो कधी टिकलेला पाहिला नाही. मराठी पुस्तक मग औषधासारखं नाक दाबून घेतलं जातं. तिला देवनागरी येते, हिंदीमुळे हात बसलेला आहे. अडतं ते शब्दांपाशी आणि वेगापाशी. इंग्रजीत ती तासाला पन्नास पानं जाते, मराठीत दहा, आणि हुशार मुलांना हा संथपणा अपमानासारखा वाटतो. यावर मला माहीत असलेला एकच खात्रीचा उपाय म्हणजे कुणीतरी मोठ्यानं वाचणं. जेवणं झाल्यावर आजोबांनी लंपनची एक गोष्ट वाचावी, रोज नको, जमेल तेव्हा. तिनं ऐकावं, मधे शब्द विचारावा, कंटाळा आला तर उठून जावं. उठून गेली तरी कुणी बोलू नये. ‘काय शिकलीस’ हा प्रश्न घरात बंद. बोर्डाची परीक्षा होईपर्यंत एवढंच पुरे; ‘शाळा’ आणि ‘झुंज’ एप्रिलमध्ये.

आजोबांशी मात्र तुम्ही किंवा तुमच्या यजमानांनी निवांत बोलायला हवं. त्यांना पुस्तक नाकारलं गेल्याचं दुःख आहे, आणि त्यामागे बहुधा ही भीती की आपल्यामागे घरातलं मराठी संपेल. त्यांना सांगा, नात पळून चाललेली नाही, ती विचारते आहे. त्यांचं पंधरावं वर्ष कसं होतं, होळकर संस्थान विलीन झाल्याचं त्यांनी स्वतः पाहिलं की वडिलांकडून ऐकलं, १९५६ मध्ये मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश आला तेव्हा मराठी घरांत काय बोललं गेलं, हे तिला कुठल्याही छापील पुस्तकात या तपशिलानं मिळणार नाही. ग्वाल्हेर आणि बडोद्याच्या वाचकांकडूनही मला अशीच पत्रं येतात; त्यांनाही माझं हेच सांगणं आहे. तुमच्याकडे शिंद्यांचं, गायकवाडांचं गाव आहे, आणि ते पाहिलेली माणसं अजून घरात आहेत.

पुस्तकांतल्या प्रेमाबद्दल, बंडखोरीबद्दल तुम्हाला धास्ती वाटते ती मला समजते. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावानं ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, तेव्हा शिकलेल्या मुलींच्या मनातलं लिहिलं म्हणून केवढं वादळ उठलं होतं. लेखिकेला नाव लपवावं लागलं. आज त्या मालतीबाई बेडेकरांचं नाव आपण आदरानं घेतो. एखाद्या पुस्तकात तुम्हाला खरोखर खटकणारं काही असेल, तर ते तिच्याशी बोला, पण पूर्ण वाचून आणि पान दाखवून. ‘असली पुस्तकं’ असा शब्द वापरलात की संवाद तिथेच संपतो.

चोरून वाचल्याचं सांगावं का, हे तुम्ही शेवटी विचारलंत. सांगा, आणि वर लिहिलेलं काहीही करण्याच्या आधी सांगा. कारण मोठं करू नका. ‘काळजी वाटली म्हणून न विचारता घेतलं, विचारायला हवं होतं’ एवढं बास. ती चिडेल. चिडू द्या. दोनतीन दिवस गेले की तिला विचारून ते पुस्तक मागून घ्या, पूर्ण करा, आणि वानरराजानं सगळ्यांना जोडे का घालायला लावले असं तिला वाटतं, ते तिच्याकडून ऐका.